मोकळा हात

बास्केटबॉलचा सामना सुरू करायला पंचानं चेंडू वर उडवण्याआधी अमिहान पेंट्स संघाचा तो वीस वर्षांचा पोरगा मधल्या वर्तुळात दोन पावलं पुढे आला, वाकला, आणि समोरच्या संघातल्या सांतोचा उजवा हात उचलून त्यानं आपल्या कपाळाला टेकवला. "मानो पो, निनोंग," तो म्हणाला. टीव्हीवाल्यांचा माइक तिथंच लोंबत होता, त्यामुळे धर्मपित्याला केलेला तो नमस्कार वरच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. सगळ्या स्टेडियममधून एक लांब, हळवा सुस्कारा निघाला, आणि मग टाळ्या. देल्फिन साल्सेदो लाऊद सार्डिन संघाच्या बाकावर, सहायक प्रशिक्षक म्हणून, मुख्य प्रशिक्षकाच्या शेजारी बसला होता. त्याच्या लक्षात आलं, की आपलाही उजवा हात मांडीवरून उचलला गेला आहे. पंजा पालथा, बोटं सैल. एखादा म्हातारा दारात बसून नातवंडांपुढे धरतो तसा. त्यानं तो खाली ठेवला. पुन्हा उठेल की काय, म्हणून त्यावर डावा हात ठेवला.

"बघितलंस?" कोच बाल्दोस म्हणाला. "शेवटची मॅच, आणि समोर धर्माचा मुलगा. या माणसाची गोष्ट वरचा स्वतः बसून लिहितो, आपली कारकुनाकडे देतो." देल्फिन हसला. बाल्दोसच्या विनोदांना हसणं ही त्याच्या कामाचीच एक बाजू होती. पण त्यानं जे बघितलं होतं ते बाल्दोसनं बघितलं नव्हतं. हात कपाळाला टेकला तेव्हा अर्धा क्षण सांतोच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. नुसती कोरी पाटी. मग त्यानं पोराच्या मानेमागून हात घालून त्याला जवळ ओढलं, डोक्याचं चुंबन घेतलं आणि माइककडे वळून म्हणाला, "आता याला मी अडवू कसा? नाताळात भेट मागायला माझ्या दारात यायचा थांबेल!" वीस हजार माणसं हसली. त्या अर्ध्या क्षणात सांतोनं मुलाला ओळखलं नव्हतं, आणि नेमक्या त्याच अर्ध्या क्षणात देल्फिननं ओळखलं होतं.

आठवडाभर तो या पोराच्या खेळाच्या फिती बघत होता. जायरस पाल्मारेस, डावीकडून घुसतो, दमला की उजवा खांदा खाली पडतो, कोंडीत सापडला की चेंडू दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरतो. गाव इलोइलोकडचं. हे सगळं देल्फिननं खेळाडूंना फळ्यावर काढून दाखवलं होतं, आणि एकदाही त्याच्या मनात काही हललं नव्हतं. पाल्मारेस आडनावाची माणसं तिकडे गल्लोगल्ली असतात. 'निनोंग' हा एक शब्द कानावर पडला आणि त्याच्या अंगठ्याला काहीतरी आठवलं. डोक्याला नव्हे, अंगठ्याला. एका तान्ह्या मुठीची ओलसर, चिकट, आश्चर्य वाटावं इतकी घट्ट पकड. खेळ सुरू झाला होता. बाल्दोस उभा राहून ओरडत होता, आणि देल्फिन आपल्या अंगठ्याकडे बघत होता.

वीस वर्षांपूर्वी लाऊद सार्डिनचा संघ गावोगावच्या जत्रांमधून दाखवायचे सामने खेळत हिंडायचा. इलोइलोकडच्या एका गावात मैदानावर पत्र्याचं छप्पर होतं. सकाळी तिथंच मिस्सा, दुपारी सामना, रात्री नाच. सामन्यानंतर एक जोडपं सांतोपाशी आलं. बाई अजून बाळंतिणीसारखी सावकाश चालत होती. आमच्या मुलाचे निनोंग व्हाल का, तिनं विचारलं, आणि सांतो नेहमीसारखा म्हणाला, "का नाही?" तो कुणालाच नाही म्हणत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र महापौर त्याला आपले झुंजीचे कोंबडे दाखवायला शेतावर घेऊन गेला, आणि चर्चची घंटा वाजायला लागली तरी दोघांचा पत्ता नव्हता. मॅनेजर खोलीत आला. बाकावरचे खेळाडू पत्ते खेळत होते. "देल, ऊठ. प्रॉक्सी चालतो, फादरना विचारलंय मी. उंची तुझी तीच. हा त्याचा बारोंग, इस्त्रीचा आहे, खराब करू नकोस." देल्फिननं अननसाच्या धाग्याचा तो पांढरा, पारदर्शक अंगरखा चढवला. खांद्यात तो नेमका बसला. चर्चमध्ये फादरनी सांतोचं पूर्ण नाव घेऊन विचारलं, "क्रिसांतो बांतिलान, सैतानाचा त्याग करतोस का?" आणि देल्फिन म्हणाला, "करतो." पुढे कधीतरी त्यानं हे बायकोला सांगितलं, तेव्हा लिगाया इतकी हसली की तिला ठसका लागला. "म्हणजे सांतोचा सैतान तू सोडवलास. आणि तुझा? तो तर अजून घरातच फिरतोय!"

बाळ जड होतं. टाळूला खोबरेल तेलाचा वास होता. पाणी ओतलं तेव्हा ते रडलं नाही, वरच्या पंख्याकडे बघत राहिलं, आणि देल्फिनचा अंगठा त्यानं सोडला नाही. बारोंगची छाती भिजली. नंतर सांतो म्हणाला होता, "माझ्या बारोंगला हे काय केलंस रे, नदीत उतरला होतास काय?" एवढंच. ही आठवण देल्फिनपाशी नीट, कोरडी, घडी घालून ठेवल्यासारखी होती. तिच्यात कुठे डाग नव्हता.

मैदानावर सांतोचे पाय जड पडत होते. त्रेचाळीसाव्या वर्षी गुडघ्यांत वंगण उरत नाही. पट्ट्या देल्फिननंच बांधल्या होत्या. जायरस त्याला दोनदा सरळ ओलांडून गेला, आणि प्रत्येक वेळी लोक हसले, प्रेमानं, जणू घरातलीच गंमत चालली आहे. दुसरा कुणी असा ओलांडला गेला असता तर वरच्या रांगांतून बर्फाचे खडे आले असते. देल्फिनसाठी हे कोडं जुनं होतं. सांतो आणि तो एकाच वर्षी संघात आले. तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांची मापं घेतली होती. उंची सारखी, पसरलेले हात सारखे. उडी देल्फिनची थोडी जास्तच. सरावात दहातले किती चेंडू जाळीत जातात तेही जवळपास सारखं. जे मोजता येतं ते सगळं एकेक करून बाजूला काढलं, तर मागे काय उरतं हे बघायची त्याला सवयच लागली होती. मेहनत? देल्फिन आधी यायचा, शेवटी जायचा. नशीब? मग ते इतकी वर्षं एकाच माणसाकडे कसं मुक्काम करतं? रूप? सांतोचं नाक दोनदा मोडलं होतं. एक गोष्ट मात्र होती, आणि ती मोजायचं यंत्र कुठे नव्हतं. सांतोला मोकळा हात दिसायचा. त्या हाताच्या मालकाला आपण मोकळे आहोत हे कळायच्या आधी दिसायचा. तुम्ही कोपऱ्यात उभे असायचात, आता आपलं काम नाही असं समजून कमरेवर हात ठेवायला निघायचात, आणि चेंडू तुमच्या तळव्यात येऊन थडकलेला असायचा. पण एवढ्यानं कुणाच्या दारावर लोक बाळं घेऊन उभे राहतात का? मोकळा हात दिसणारे दुसरेही होते. त्यांची नावं आता कुणाला आठवत नाहीत.

ज्या वर्षी लाऊद पहिल्यांदा अजिंक्य झालं, त्या अंतिम सामन्यात शेवटचा चेंडू देल्फिननं टाकला होता. डाव्या कोपऱ्यातून, सांतोच्या पासावर. हे कागदोपत्री आहे. पण मनिलात कुबावच्या रस्त्यावर एक जीपनी, रंगीबेरंगी प्रवासी गाडी, धावते, तिच्या मागच्या पत्र्यावर तोच क्षण रंगवलेला आहे: तोच डावा कोपरा, तोच उंचावलेला हात, आणि हाताखाली सांतोचा चेहरा. पहिल्यांदा ते चित्र दिसलं तेव्हा देल्फिनला राग आला. मग हसू आलं. मग एकदा सिग्नलला त्याची गाडी तिच्या मागे बराच वेळ थांबली होती आणि तो त्या चित्राकडे बघत राहिला, आणि त्या दिवसापासून डोळे मिटून तो क्षण आठवायला गेला की त्यालाही चेंडू सांतोच्याच हातून सुटताना दिसे. आपण कुठे उभे आहोत हे सापडत नसे. बहुधा आपण गर्दीत होतो, असं काहीतरी वाटे. रंगाऱ्याची चूक होती, पण ती त्या रंगाऱ्याची एकट्याची राहिली नव्हती.

मध्यंतराला खेळाडू आत गेले. देल्फिन बोगद्याच्या तोंडाशी थांबला. फोन आधीपासून थरथरत होता.

"तोच का रे तो?" लिगायानं हॅलोही म्हटलं नाही. मागे तिच्या बहिणींचा आणि टीव्हीचा गलका होता.

"तोच असणार."

"असणार म्हणजे? तू धरलं होतंस त्याला, मी नव्हे."

"वीस वर्षांपूर्वी धरलं होतं, लिगाया. तेव्हा त्याला मिशा नव्हत्या."

ती हसली नाही. "टीव्हीवाले सांगतायत, पुढच्या आठवड्यात जपानला चाललाय तो. तिकडच्या क्लबनं घेतलाय. दोन-चार वर्षं येत नाहीत ती पोरं. आज बोल त्याच्याशी."

"काय बोलू? त्या बारोंगच्या आत मी होतो असं?"

"हो. अस्संच." बहिणींचा आवाज लांब गेला. ती स्वयंपाकघरात गेली असावी. "सांतोला तीनशे असतील असली लेकरं. नाताळात पोलीस लावतात त्याच्या गल्लीत. आपल्याला एक होतं, देल. तेसुद्धा उसनं. निदान त्या पोराला तरी माहीत असू दे."

'एक होतं' हे ती कशाबद्दल म्हणाली, ते त्याला क्षणभर कळलं नाही. कळल्यावर तो भिंतीला टेकला. "सांगतो," तो म्हणाला. "मॅच संपली की सांगतो."

तो पुन्हा बाकावर येऊन बसला, तेव्हा सांगायचं हे ठरलेलं होतं आणि तरी काहीच ठरलेलं नव्हतं. समजा, सांगितलं. पोरगा काय करेल? आज त्यानं सगळ्या देशासमोर एका माणसाचा हात कपाळाला लावला आहे. तो हात चुकीचा होता असं त्याला सांगणं म्हणजे काय करणं? आणि चुकीचा तरी कसा? फादरनी नाव सांतोचं घेतलं होतं. चर्चच्या नियमानं निनोंग सांतोच. प्रॉक्सी म्हणजे नुसता खुंटीवरचा अंगरखा. खुंटीनं हक्क सांगायचा का? पण मग अंगठा कुणाचा होता? तिसरा डाव चालला होता. जायरसनं वरून सुटलेला चेंडू हवेत पकडला आणि दोन्ही हातांनी छातीशी आवळला, बोटांची टोकं पांढरी पडेपर्यंत. देल्फिनला वाटलं, ही पकड मला माहीत आहे. पुढच्याच क्षणी वाटलं, सगळी बाळं घट्ट धरतात, ती त्यांची उपजत क्रिया असते, तिला कुणाचाही अंगठा सारखाच. बाप्तिस्म्याच्या त्या आठवड्यात लिगाया मनिलाच्या इस्पितळात होती. पाचवा महिना होता. मूल राहिलं नाही, एवढं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, आणि बाकावरच्या शेवटच्या खेळाडूनं रजा मागायची नसते, म्हणून तो मॅनेजरला काही न सांगता संघाबरोबर बोटीत चढला होता. या दोन गोष्टी एकाच आठवड्यातल्या, हे त्याला माहीत होतं. पण त्या त्याच्या मनात वेगवेगळ्या खोल्यांत राहत. मधलं दार कधी होतंच की नाही, ते आज त्याला सांगता येईना.

शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा लाऊद एका गुणानं मागे होतं. बाल्दोसनं वेळ मागून घेतला. सगळे वाकून फळ्यावर बघत होते; घामाचे थेंब फळ्यावर पडत होते. "बोलायचं काय त्यात," बाल्दोस म्हणाला. "चेंडू सांतोकडे. बाकीच्यांनी वाटेतून बाजूला व्हायचं. लोकांनी तिकिटं कशाला काढलीत?" सांतो पाणी पीत होता. त्यानं देल्फिनकडे बघितलं. "देल, हा पोरगा खरंच माझा आहे?" तो हळूच म्हणाला, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं. देल्फिननं तोंड उघडलं. हीच ती जागा होती, आणि माणूसही योग्य होता. "तुझाच," तो म्हणाला. "इलोइलो. कोंबडेवाला महापौर." सांतोचा चेहरा उजळला. "आं! ते कोंबडे!" आणि शिट्टी वाजली.

सांतो मधून घुसला. गुडघे नव्हतेच, नुसती सवय धावत होती. जायरस त्याच्या समोर, आणि आणखी दोघे धावून आले, कारण त्या क्षणी स्टेडियममधल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं की चेंडू कोण टाकणार. सांतो उडाला. हवेतच त्यानं मान न वळवता चेंडू डाव्या कोपऱ्याकडे सोडला. तिथं ओजी नावाचा नवा खेळाडू एकटा उभा होता आणि कमरेवर हात ठेवायला निघाला होता. चेंडू त्याच्या तळव्यात थडकला. देल्फिन उभा राहिला. त्याचं सगळं अंग त्या कोपऱ्यात गेलं, मनगट आपोआप वळलं. ओजीनं चेंडू टाकला. तो कड्याला लागला, कड्यावरच जरा रेंगाळला आणि बाहेर पडला.

ते हरले. आणि मग देल्फिननं जे बघितलं त्याचा अर्थ त्याला लावता येईना. लोक उभे राहिले आणि "सांतो! सांतो!" करत रडायला लागले. अमिहानचे लोकही. ओजी जमिनीवर बसून होता, त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. शिवी द्यायलासुद्धा नाही. उद्या जीपनीच्या पत्र्यावर काय रंगवतील? सांतो उडी मारतो आहे, एवढंच. चेंडू कुठे गेला याचं काही काम नाही. देल्फिन गेला आणि त्यानं ओजीला काखेत हात घालून उठवलं. "कोच, मी..." ओजी म्हणाला. "पास चांगला होता," देल्फिन म्हणाला, आणि हे आपण का म्हणालो ते त्याला कळलं नाही.

कपडे बदलायच्या खोल्यांबाहेरच्या रुंद वाटेत नातेवाइकांची गर्दी झाली होती. जायरस भिंतीपाशी उभा होता, खांद्यावर टॉवेल, शेजारी एक जाडसर बाई, हातात घरून आणलेला डबा. ती आता सावकाश चालत नव्हती. कोपरानं गर्दी बाजूला सारत होती. देल्फिन त्यांच्या समोर जाऊन उभा राहिला. वाक्य तयार होतं. पहिला शब्द 'खरं म्हणजे' असा होता.

"अगं बाई!" ती बाईच ओरडली. "प्रॉक्सी! जायरस, हे बघ, हे तुझे प्रॉक्सी!"

"हे?" पोरगा हसला. त्याचे पुढचे दात थोडे वाकडे होते. "खरंच? कोच, मी घरी रोज तुमच्याबद्दल ऐकत मोठा झालोय!"

"तुम्हाला माहीत होतं?" देल्फिननं विचारलं.

"म्हणजे काय! मी नेनिता, मीच बाळ दिलं की तुमच्या हातात," बाई म्हणाली. "सांतो कुठले यायला! ते कोंबडे बघत बसले होते. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग आज..." देल्फिनचा हात आपोआप मैदानाच्या दिशेला गेला. "तो नमस्कार."

पोरगा गोंधळला. प्रश्नच त्याला समजला नसावा. "निनोंग आहेत ना ते माझे," तो म्हणाला.

"बाळ फार शांत होतं," देल्फिन म्हणाला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं आणि त्याच्यापाशी एवढंच होतं. "रडलं नाही अजिबात. पंख्याकडे बघत होतं."

"ते नाहीच रडलं," नेनिता म्हणाली. "तुम्ही रडलात."

"मी?"

"तर काय! फादर पाणी ओतायचे थांबले. माझी सासू म्हणाली, एवढा ताडासारखा पुरुष आणि कसा लहान पोरासारखा रडतोय बघा. बारोंग भिजला पुढून सगळा. बाळाला द्या म्हटलं तरी देईनात. आम्ही अजून म्हणतो घरी, याच्या बाप्तिस्म्याला पाणी कमी पडलं नाही." ती हसत होती, पण मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिनं हसू आवरलं आणि डब्याचं झाकण उगाच दाबून बसवलं. "चांगलं असतं म्हणतात ते. कुणी रडलेलं."

देल्फिन ती कोरडी, घडी घातलेली आठवण उघडून बघत होता. तेल, पंखा, अंगठा. ओली छाती. ते पाणी वरून आलं होतं, त्याला खात्री होती. पात्रातून, फादरच्या हातातून. आता खात्री करून घ्यायला कुणाला विचारायचं? अंगरखा तर दुसऱ्याचा होता. एवढ्यात वाटेच्या टोकाला गलका झाला: सांतो आंघोळ करून बाहेर आला होता. सगळे फोन त्याच्याकडे वळले. "निनोंग!" जायरसनं हाक मारली आणि तोही वळला. बाईही वळली. आणि देल्फिनला दिसलं, की आपला उजवा हात पुढे झालेला आहे. पंजा पालथा, बोटं सैल. त्याच्या आणि पोराच्या पाठीच्या मधल्या हवेत तो तसाच राहिला होता. तो मागे घ्यायला हवा होता, पण तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा हलेना.

गर्दीच्या पलीकडून, पन्नास माणसांच्या डोक्यांवरून, सांतोनं तो बघितला. लोक त्याचे खांदे ओढत होते, कुणीतरी त्याच्यापुढे एक तान्हं बाळ धरलं होतं. तो त्या सगळ्यांमधून वाट काढत आला, सरळ, मान न वळवता. आला, ते दुखरे गुडघे वाकवले, देल्फिनचा हात दोन्ही हातांत धरला आणि आपल्या कपाळाला टेकवला. "मानो पो, निनोंग," तो मोठ्यांदा म्हणाला. वाट हसण्यानं भरून गेली. फोनचे दिवे लखलखले. बायकांनी डोळे पुसले. कुणीतरी म्हणालं, बघा, एवढा मोठा माणूस आणि स्वभाव बघा. जायरस टाळ्या वाजवत होता. उद्या हेही चित्र होईल, देल्फिनला वाटलं, आणि त्यात हात कुणाचा आहे ते कुणी विचारणार नाही. त्याला राग येत होता का? ते त्याला सांगता आलं नसतं. कपाळ ओलं होतं, आंघोळीच्या पाण्यानं किंवा कशानं. हसणं ओसरलं, दिवे विझले, आता सांतोनं उठायला हवं होतं. तो उठला नाही. थट्टेला लागतो त्याहून जास्त वेळ ते जड डोकं देल्फिनच्या बोटांवर टेकून राहिलं, आणि देल्फिननं, काय करायचं ते न कळून, त्याचा भार धरून ठेवला.